कव्हर घालूनही थारच्या आत ओल, कुबट वास आणि बुरशी: पाणी नेमकं कुठून येतंय ते कसं शोधायचं

सॉफ्ट-टॉप थार, जुनी जिप्सी किंवा कॅनव्हासचा टप असलेली कुठलीही जीप उघड्यावर उभी राहत असेल तर ही तक्रार दर पावसाळ्यात येते. मे महिन्यात चांगलं ‘वॉटरप्रूफ’ कव्हर आणलेलं असतं. जुलै संपेपर्यंत आत कुबट वास सुटतो, सीटबेल्टवर पांढरट डाग दिसतात, पायाखालची मॅट दाबली की पाणी येतं. मग आणखी जाड कव्हर आणलं जातं आणि त्रास कमी होण्याऐवजी वाढतो.

याचं कारण असं की गाडीत पाणी तीन वाटांनी येतं: वरून, खालून आणि हवेतून. कव्हर फक्त पहिल्या वाटेवर काम करतं. खालून आलेली वाफ आणि आत राहिलेली ओल यांना ते अडवत नाही, उलट कोंडून ठेवतं. कव्हर जितकं जाड आणि प्लास्टिकसारखं, तितकी कोंडी जास्त. म्हणून पाण्याची वाट कळल्याशिवाय नवं कव्हर घेऊ नका. खालच्या तपासण्या फुकटातल्यापासून खर्चिकापर्यंत लावल्या आहेत, त्याच क्रमाने करा. बहुतेक गाड्यांचं उत्तर पहिल्या चार-पाचांतच मिळतं.

आधी लक्षणं वाचा

ओल कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. त्यामुळे काही पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

टपाच्या आतल्या अंगाला, काचेवर, स्टीअरिंगवर, गिअरच्या दांड्यावर सगळीकडे सारखे बारीक थेंब, पण पायाखाली कोरडं: हे दव आहे, गळती नाही.

एकाच जागी ओल, तीही पाऊस पडून गेल्यावरच, आणि दर वेळी तिथेच: शिवण, झिप किंवा बीडिंग रबर.

सीट कोरड्या आणि पुढच्या पायाखाली पाणी: कव्हरचा संबंध बहुधा नाही. काउलचा (पुढच्या काचेखालच्या, वायपरजवळच्या खोलगट भागाचा) निचरा, एसीची नळी, दाराचं रबर किंवा फ्लोअरचा प्लग बघायचा.

कव्हरवर डबकं आणि बरोबर त्याखाली टपावर ओला ठसा: कापड आणि ताण, दोन्हीत दोष.

मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या दुधी झाल्यात, किंवा कव्हर काढताना खिडकीला चिकटून ‘चर्र’ आवाज येतो: कव्हरच्या आतला थर आणि उष्णता.

आरसा, फेंडर, बॉनेटच्या कडा इथे रंग मंद पडलाय, बारीक रेषा दिसतात: कव्हर सैल आहे आणि वाऱ्याने घासतंय.

कव्हर दर वेळी एकाच जागी फाटतं, म्हणजे स्टेपनीचा वरचा काठ, बॉनेटचे बाहेरचे लॅच, आरसा किंवा अँटेना: माप चुकलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, चावी फिरवल्यावर जळका वास येत असेल, किंवा आत घोट्याएवढं पाणी साचून गेलं असेल, तर पुढची एकही तपासणी करू नका. गाडी चालू करू नका, मेकॅनिक बोलवा.

१. ओल्या गाडीवर कव्हर घातलं जातंय का?

खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. पावसातून आल्यावर टप ओला, चाकांच्या कमानीत चिखल, मॅटवर बुटांचं पाणी, आणि त्यावर लगेच कव्हर. कॅनव्हासच्या विणीत शिरलेलं पाणी रात्रभर तिथेच राहतं. कापड एक-दोन दिवस ओलं राहिलं की त्यावर बुरशी धरायला लागते, आणि कव्हरखालचा अंधार तिच्या सोयीचा असतो.

घरी आल्यावर टप मोठ्या सुती कपड्याने पुसा. घासू नका, टिपून घ्या. कॅनव्हासवर चिखलाचे कण असतात, ते घासले तर वरचा पाणी झिडकारणारा लेप निघतो. रबरी मॅट उचलून उभ्या करा. शक्य असेल तिथे आडोशाला एक-दीड तास खिडक्या उघड्या ठेवून गाडी तशीच उभी करा. सायलेन्सर आणि बॉनेट गार व्हायला किमान अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर पॉलिस्टर वितळतं, आणि कोमट इंजिनवर टाकलेल्या कव्हरखाली वाफ धरते.

ज्यांनी दुकानातून ‘७डी’ मॅट बसवून घेतल्या आहेत त्यांनी इथे थांबून नीट बघावं. खाली फोम, वर रेक्झिन, कडा वर वळवलेल्या: या रचनेत एकदा खाली गेलेलं पाणी बाहेर यायला जागाच नसते. वरून मॅट कोरडी दिसते आणि फोम आठवडाभर ओला राहतो. २०२० च्या थारचं फ्लोअर धुता येईल असं आहे, पाणी काढायला त्यात ड्रेन प्लग आहेत. त्यावर ७डी मॅट चिकटवणं म्हणजे गाडीचा चांगला गुण झाकून टाकणं. पावसाळ्यात त्या काढून साध्या, उचलता येणाऱ्या रबरी मॅट वापरा. आमच्या मते कव्हर बदलण्याआधी करायची ही पहिली गोष्ट आहे.

२. गळती आहे की दव? वर्तमानपत्राची रात्र

जुनी वर्तमानपत्रं घ्या. डॅशबोर्डवर एक, पुढच्या दोन्ही सीटवर, चारही पायांच्या जागी, मागे सामानाच्या जागेत एकेक पान पसरा. गाडी कोरडी करून कव्हर घाला आणि पाऊस नसलेल्या रात्री तशीच ठेवा. सकाळी सगळी पानं सारखी लिबलिबीत, मऊ पडलेली असतील तर ओल हवेतून किंवा जमिनीतून आली. पानं कडक राहिली तर तीच चाचणी पावसाच्या रात्री पुन्हा करा. आता एखाद्याच पानावर डाग पडला असेल, तर गळतीची जागा त्याच्या वर किंवा थोडी पुढे आहे. पाणी टपाच्या सांगाड्याच्या नळीवरून घरंगळत येऊन वीतभर लांब टपकतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वरचं भोक शोधत बसू नका.

हवेतल्या ओलीचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. संध्याकाळी हवा ३० अंश असेल आणि आर्द्रता ८५ टक्के, तर साधारण २७ अंशांना गार झालेल्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. म्हणजे फक्त तीन अंशांचा फरक. पत्रा, काच आणि लोखंडी रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) रात्री एवढे सहज गार होतात. कोकणपट्टीत पावसाळाभर हवा अशीच असते. कव्हर कितीही महाग घेतलं तरी ही ओल थांबत नाही. तिला बाहेर जायला वाट द्यावी लागते.

दुसरी अर्धी चाचणी जमिनीची. गाडी जिथे उभी राहते तिथे, पाऊस लागणार नाही अशा जागी, दीड फूट लांब-रुंद जाड पॉलिथिनचा पारदर्शक तुकडा पसरून चारही कडा रुंद टेपने घट्ट चिकटवा. १६ ते २४ तासांनी उचला. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब असतील किंवा फरशी गडद झाली असेल, तर जमीन वाफ सोडतेय. माती, मुरूम आणि जुने पेव्हर ब्लॉक यांच्याबाबतीत चाचणीचीही गरज नाही, ते ओल देतातच. अशा जागी जमिनीपर्यंत लोंबणारं कव्हर म्हणजे गाडीवर ठेवलेलं झाकण. त्यावर उपाय नवं जाड कव्हर नाही, उपाय आखूड कव्हर हा आहे. त्याबद्दल पुढे मापाच्या मुद्द्यात.

सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे इथे उपयोगाचे नाहीत. बंद कपाटात ते काम करतात. सॉफ्ट-टॉप गाडी हवाबंद नसते, बाहेरची दमट हवा सतत येत राहते. शिवाय तो डबा कलंडला तर त्यातलं खारट पाणी पत्रा गंजवतं. ठेवू नका.

३. गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे?

किनारपट्टीवर पावसाळ्याचा वारा मुख्यतः नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि पाऊस तिरका मारतो. सॉफ्ट-टॉपची पुढची बाजू काचेच्या चौकटीला घट्ट बसते, मागची बाजू झिप आणि वेल्क्रोवर असते. मागचं अंग वाऱ्याकडे असेल तर पाणी झिपमधून आत ढकललं जातं आणि कव्हरमध्येही मागून वारा भरून ते फुगतं. जागा असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. कित्येकदा एवढ्यानेच मागच्या सीटची ओल थांबते.

झाडाखाली लावत असाल तर जांभूळ, चिंच, बदाम यांची गळ कव्हरवर साचून कुजते. त्या पाण्याचे तपकिरी डाग पातळ कापडातून झिरपून टपावर उतरतात आणि मग जात नाहीत. दर दोन दिवसांनी कव्हर झटका, नाहीतर जागा बदला.

४. कव्हरवर डबकं साचतंय का?

हार्ड-टॉपवर कव्हर सपाट बसतं. सॉफ्ट-टॉपवर ते नळ्यांच्या मधे झोळीसारखं खाली जातं, आणि टप उतरवलेला असेल तर काचेची चौकट ते रोल बार या मधल्या मोकळ्या भागात तर मोठीच झोळी होते. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि फक्त २ सेंटिमीटर खोल डबकं म्हणजे जवळपास पाच लिटर, पाच किलो पाणी. ते रात्रभर एकाच जागी शिवणीवर दाब देतं. कापड ताणतं, झोळी आणखी खोल होते, पाणी आणखी साचतं. कुठलंही कापड या चक्रात फार दिवस टिकत नाही.

उपाय स्वस्त आहे. आतून, रोल केजवर, मध्यभागी उंचवटा द्या. पोहायला वापरतात त्या फोमच्या लांब नळ्या किंवा हवा भरलेली जुनी स्कूटरची ट्यूब कापडात गुंडाळून केजच्या आडव्या नळीवर बांधा. उद्देश एवढाच की कव्हरला मधोमध कणा मिळावा आणि दोन्ही बाजूंना उतार व्हावा. लाकडाची फळी किंवा प्लास्टिकची बादली उलटी ठेवू नका, तिच्या काठावर कापड कापलं जातं. आधार बसवल्यावर वरून एक बादली पाणी ओता आणि कुठे थांबतं ते बघा. थांबायला नको.

टप उतरवून नुसत्या कव्हरच्या भरवशावर पावसाळ्यात गाडी ठेवणं टाळाच. कव्हर म्हणजे टपावरचा रेनकोट, टपाच्या जागी ठेवायची वस्तू नाही.

५. माप: इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

दुकानात ‘थारचं कव्हर’ मागितलं की जे मिळतं ते कुठल्या थारचं हे आधी विचारा. २०१० साली आलेली जुनी थार ३९२० मिलिमीटर लांब आणि १९३० उंच. २०२० ची तीन दारी थार ३९८५ लांब, पण अंगाने रुंद. २०२४ ची रॉक्स पाच दारी, ४४२८ लांब आणि मुळात हार्ड-टॉप. जुन्या थारचं कव्हर नव्या थारवर ओढून बसवलं की आरशापाशी ताणतं आणि फाटतं. रॉक्सचं कव्हर तीन दारी थारवर टाकलं की मागे दीड फूट कापड लोंबतं, वाऱ्याने फडफडतं आणि रंग घासून काढतं.

कंपनीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका, स्वतः मोजा. मोठे टायर, रुंद फेंडर, पुढचा लोखंडी बंपर, स्नॉर्केल (इंजिनाला हवा देणारी उंच नळी), छतावरचा कॅरियर यांतलं काहीही बसवलं असेल तर कागदावरचं माप गेलं. पाच मापं घ्या आणि ती दोरीने घ्या, कारण टेप वळणावर नीट बसत नाही:

– पुढच्या बंपरच्या खालच्या काठापासून, बॉनेट, काच, टप या सगळ्यावरून, स्टेपनीच्या बाहेरच्या अंगावरून मागच्या बंपरच्या खालपर्यंत.
– दाराच्या मध्यावर, एका पायदानापासून टपावरून दुसऱ्या पायदानापर्यंत.
– दोन्ही आरशांच्या टोकांमधलं अंतर आणि जमिनीपासून आरशाची उंची.
– स्टेपनीचा व्यास, आणि ती मागच्या दारापासून किती बाहेर येते.
– अँटेनाची जागा. तो फिरवून काढता येत असेल तर काढूनच कव्हर घाला.

स्टेपनीसाठी वेगळा खिसा शिवलेला नसेल असं कव्हर घेऊ नका, हे आमचं ठाम मत आहे. खिसा नसला की कापड टपाच्या मागच्या काठावरून थेट स्टेपनीच्या टोकाला तंबूसारखं ताणलं जातं. मधे पोकळी राहते, त्यात वारा शिरतो, आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. आरशांचे खिसेही हवेतच. नाहीतर आरसे दुमडून मग कव्हर घाला.

आता पूर्ण कव्हर की अर्धं? अर्धं, म्हणजे काचेच्या खालच्या काठापासून टप, दारं आणि मागची बाजू झाकणारं, कमरेपर्यंत येणारं केबिन कव्हर. आमचा कौल पावसाळ्यात अर्ध्याकडे आहे. ते टप, झिपा आणि प्लास्टिकच्या खिडक्या झाकतं, म्हणजे जिथून पाणी शिरतं नेमक्या त्या जागा. खालचा पत्रा, चाकं आणि इंजिन मोकळी राहतात, जमिनीची वाफ बाहेर जाते. एकट्या माणसाला दोन मिनिटांत घालता येतं, म्हणून ते रोज घातलं जातं. उन्हाळ्यात, धुळीच्या जागी, किंवा गाडी महिनाभर हलणार नसेल तर पूर्ण कव्हर ठीक, पण त्याचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर हवा आणि दोन्ही बाजूंना जाळी लावलेली हवा खेळायची भोकं हवीत. तयार अर्धं कव्हर मापाचं मिळालं नाही तर सीट कव्हर शिवणारा चांगला कारागीर ते एका दिवसात शिवून देतो. त्याला गाडी दाखवून शिवून घ्या, फोनवर मापं सांगू नका.

बांधणीबद्दल दोन शब्द. नुसतं इलॅस्टिक वादळी वाऱ्याला पुरत नाही. पोटाखालून जाणारे दोन पट्टे हवेत, एक पुढच्या चाकामागे, एक मागच्या चाकापुढे, प्लास्टिकच्या बकलचे. लोखंडी हूक रंगावर आपटतात. पट्टा सायलेन्सरच्या पाईपपासून आणि ब्रेकच्या होजपासून लांब ठेवा.

६. कापड: नाव नको, चाचणी करा

पाकिटावर जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंच दिशाभूल करतं. ‘जीएसएम’ म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ते जास्त असलं म्हणून पाणी थांबतं असं नाही, जाड गोणपाटही गळतंच. ‘१९०टी’ हा एका इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा आकडा आहे, तोही पाण्याबद्दल काही सांगत नाही. पाण्याबद्दल बोलतो तो ‘वॉटर कॉलम’चा आकडा, मिलिमीटरमध्ये. १५०० च्या पुढे असेल तर पाऊस थांबवतो. तो आकडा विक्रेत्याला सांगता येत नसेल तर घरी करून बघा:

कापडाची झोळी करून त्यात पेलाभर पाणी ओता आणि अर्धा तास धरून ठेवा. खाली हात लावून बघा. ओलसर लागलं तर ते वॉटरप्रूफ नाही. मग झोळीच्या तळाला बोट घासा. घासल्यावर पाणी उतरलं तर गाडीवरही रोल केजच्या नळीपाशी तेच होणार.

कापड श्वास घेतं का हे बघायला, गरम पाण्याच्या पेल्यावर ते ताणून बांधा आणि वर गार स्टीलची ताटली दोन बोटं उंच धरा. ताटलीवर धुकं धरलं तर वाफ जातेय. अजिबात धरलं नाही तर ते कापड गाडीलाही तसंच कोंडणार.

आता प्रकार. साधी ताडपत्री आणि पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड पाणी शंभर टक्के थांबवतं आणि वाफही शंभर टक्के कोंडतं. एखाद्या रात्रीसाठी चालेल, चार महिन्यांसाठी नाही. आतून चंदेरी लेप दिलेलं पातळ पॉलिस्टर सगळीकडे मिळतं. पहिल्या वर्षी ते बरं असतं, पण दमट हवेत तो लेप हळूहळू विरघळल्यासारखा चिकट होतो आणि सोलून खिडक्यांवर बसतो. तीन-चार थरांचं न विणलेलं, फेल्टसारखं दिसणारं पॉलिप्रॉपिलीन वाफ सोडतं आणि रंगाला मऊ असतं, मात्र उन्हाला फार लवकर खचतं. बोटाने कुरतडल्यावर भुगा पडायला लागला की त्याचं आयुष्य संपलं. उघड्यावरच्या जीपसाठी सगळ्यात टिकाऊ म्हणजे धाग्यातच रंग असलेलं ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर कॅनव्हास. महाग असतं, जड असतं, पूर्ण वॉटरप्रूफ नसतं. पण टप शाबूत असेल तर त्याची गरजही नसते. बहुतेक पाऊस झिडकारला गेला आणि उरलेली ओल उन्हाच्या पहिल्या तिरीपेला उडाली, तर काम झालं.

प्लास्टिकच्या खिडक्यांना कुठलाच लेप थेट लागू देऊ नका. कव्हर घालण्याआधी खिडकी भरपूर पाणी आणि थोड्या सौम्य साबणाने धुवा, मग त्यावर सुती फ्लॅनेलचा तुकडा अडकवा. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, थिनर किंवा पेट्रोल लावू नका. त्याने प्लास्टिक दुधी होतं, आणि आरपार दुधी झालेली खिडकी पॉलिशने पूर्ववत होत नाही, बदलावीच लागते.

७. शिवणी

कापड चांगलं आणि तरी रेषेत ओल? मग सुईची भोकं. कव्हर उन्हाकडे धरून शिवणीतून प्रकाशाचे ठिपके दिसतात का बघा. आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर तंबूच्या शिवणींना लावतात तो सीम सीलर लावा, दोन हात (थर) द्या, आतल्या बाजूने, कापड पूर्ण कोरडं असताना. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच सीलर लागतो, दुसरा सोलून निघतो. छताच्या मधोमध लांब शिवण असलेलं कव्हर मुळातच टाळा. शिवण उतारावर हवी.

८. टप स्वतःच गळतोय का?

इथपर्यंत आलात आणि वर्तमानपत्रावर अजून एकाच जागी डाग येतोय, तर कव्हर काढा आणि पाण्याच्या नळीने तपासा. दोन माणसं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. पाण्याचा साधा प्रवाह, प्रेशर वॉशर नाही, तो चांगली शिवणही उसवतो. सुरुवात खालून करा. दाराचा खालचा काठ, मग दाराची बाजू, मग खिडकीची झिप, मग टपाचा काठ, शेवटी काचेची वरची चौकट. प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि कुठला गळतो ते कळत नाही.

झिपच्या वरची पापणी नीट बसत नसेल तर आधी वेल्क्रोमधली धूळ आणि तंतू जुन्या टूथब्रशने काढा. बऱ्याच गळत्या इथे संपतात. झिपच्या दातांवर मेण फिरवा, तेल नको, तेलावर धूळ बसते. दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबून सपाट झालंय. कॅनव्हासचा लेप गेला असेल, म्हणजे पाणी मण्यासारखं न थांबता गडद डाग पडून पसरत असेल, तर कापडासाठीचा वॉटर रिपेलंट स्प्रे धुऊन वाळवलेल्या टपावर मारा. खिडक्या झाकून घ्या.

बुरशी आलेली असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान प्रमाणात, मऊ ब्रश, मग साधं पाणी, मग ऊन. नाकाला मास्क लावा. ब्लीच लावू नका, ते शिवणीचा धागा कमकुवत करतं आणि टप पुढच्या वर्षी शिवणीतून उघडतो.

९. पायाखालचं पाणी

एसी चालवल्यावर गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. पडत नसतील आणि पायाखाली स्वच्छ, वास नसलेलं पाणी असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी काउलमध्ये पानं कुजून साचली असतील तर हाताने काढा आणि मग्याने पाणी ओतून ते खाली उतरतं का बघा. फ्लोअरचे रबरी प्लग जागेवर आहेत ना, हेही. धुताना काढलेला प्लग परत बसवायचा राहिला तर रस्त्यावरचं पाणी खालून उडून आत येतं, आणि दोष मात्र कव्हरला दिला जातो.

कुठे थांबायचं

पायाखालचं पाणी गोडसर वासाचं, हाताला चिकट असेल तर ते कूलंट आहे. हीटरचा भाग गळतोय, गाडी तापू शकते. स्वतः काही उघडू नका.

सीटखालचे पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅग-सीटबेल्टच्या असतात. फोम वाळवायला सीट काढायची वेळ आली तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा सर्व्हिस सेंटरचं.

मॅटखाली रंग फुगलेला दिसला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा भद्द वाजला, तर डेंटरकडे जा. वरून रंग मारून गंज आतून थांबत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ही ठोकणी दर ऑक्टोबरला करावी.

कव्हरखाली उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेला फोम सापडला तर इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघा. सोललेली एकही वायर दिसली तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

काचेच्या चौकटीतून, म्हणजे काच आणि लोखंड यांच्या मधून पाणी येत असेल तर बाहेरून सिलिकॉन भरू नका. पाणी आत अडकून चौकट गंजते आणि नंतर काच काढणं अवघड होतं. ते काच बसवणाऱ्याचं काम.

दुरुस्ती कुठलीही केली तरी वर्तमानपत्राची चाचणी सलग तीन रात्री पुन्हा करा, त्यातली किमान एक पावसाची. तिन्ही सकाळी पानं कडक असतील तरच मॅट परत टाका.